चौक कोणाचा?

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस लष्कर नावाचा शहराचा मोठा भाग आहे. माधवगंज हा त्यातलाच एक मोहल्ला. लष्कर म्हटले की बराकी डोळ्यांपुढे येतात. परंतु येथे नांदती घरे आहेत. १८१० साली दौलतराव शिंदे यांनी येथे आपला तळ कायम केला, तंबूंच्या जागी घरे उठली आणि छावणीचे शहर झाले. शिंद्यांच्या पदरी असलेल्या मराठी कुटुंबांनी आपल्या भाषेबरोबर वाड्याची रीतही येथे आणली.

या वाड्याचे मर्म दोन गोष्टींत आहे: खण आणि चौक. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. छपराचा भार तुळयांवरून खांबांवर उतरतो. म्हणून मधला आडोसा घालता येतो, तसा काढताही येतो. मुलाचे लग्न झाले, त्याला दोन खण निराळे करून दिले. बिऱ्हाडकरू आला, ओसरीलगतची जागा त्याला दिली. माणसे कमी झाली, आडोसा निघाला. दख्खनेत खांब लाकडाचे असत; ग्वाल्हेरास वालुकाश्म मुबलक, तेव्हा तेथे दगड कामास आला.

चौक मात्र कधी कोणा एकाचा नसे. तेथे धान्य वाळे, मुले खेळत, कार्यप्रसंगी पंगत बसे. भोवतालच्या खोल्यांना उजेड आणि वारा मिळे तोही त्यातूनच. ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्याने सोसला आहे, त्याला याचे मोल निराळे सांगावयास नको.

अशा घराची वाटणी होते, तेव्हा खोल्या सुखाने वाटता येतात. चौक वाटता येत नाही. त्यातून भिंत घातली की प्रत्येकास चार हात जमीन मिळते, आणि उजेड-वारा सर्वांचाच जातो. दुसरे संकट याहून शांतपणे येते. सर्वांची पन्हळ गळू लागते, आणि ती दुरुस्त करावयास कोणीच पुढे येत नाही.

याच मध्य प्रदेशात, इंदुरास, पुण्यात जन्मलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी १९८० नंतरच्या दशकात ‘अरण्य’ ही सुमारे ६,५०० घरांची वसाहत आखली. गरीब कुटुंबास जोते, न्हाणी, शौचकूप आणि एखादी खोली द्यावयाची; पुढचे घर त्याने ऐपतीप्रमाणे वाढवावयाचे; आणि घरांच्या समूहांमध्ये मोकळी जागा सर्वांसाठी राखावयाची, अशी ती योजना. १९९५ साली तिला आगाखान वास्तुशिल्प पुरस्कार मिळाला. वाड्याचेच शहाणपण ते!

वाचकहो, आपल्या गावीही घरांच्या वाटण्या होतात. भाऊ वेगळे राहिले, यात वावगे काही नाही. परंतु कागद करताना अंगण, विहीर आणि वाट यांची वाटणी होणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहावे, आणि दुरुस्तीसाठी प्रत्येकाची वार्षिक वर्गणीही ठरवावी. महाराष्ट्राच्या १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याने त्याखालील इमारतींत सामाईक जागेची वाटणी मागता येत नाही. जे परक्या शेजाऱ्यांना कायद्याने साधते, ते सख्ख्या भावांना समजुतीने साधावयास काय हरकत आहे?