पॅडला हात कळत नाही, असं मी म्हणायचो

22 वर्षं मी ढोलकी वाजवतोय आणि त्यातली बहुतेक वर्षं ऑक्टोपॅडचा, म्हणजे काठीने वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडचा, राग राग करत आलोय. आमच्या वाद्यवृंदात पूर्वी ढोलकी, तुंबा आणि साइड ऱ्हिदम अशी तीन माणसं असायची. मग तिघांच्या जागी एक पॅडवाला आला. पोटावर पाय आला हे उघड बोलायची लाज वाटायची, म्हणून मी कारण वेगळं द्यायचो : पॅडला हात कळत नाही. इतक्या वेळा म्हटलं की मलाही ते खरं वाटायला लागलं.

गेल्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आलं आणि माझा रात्रीचा रियाझ बंद पडला. आवाज न करता वाजवायचं तर पॅडच हवं होतं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करणारा भाचा म्हणाला, "मामा, पॅड विकत कशाला? आपण ट्रिगर बनवू, ठोक्याचा सिग्नल करणारं पॅड." तापकीर गल्लीतून त्याने 35 मिलिमीटरच्या पिझो चकत्या आणल्या. बझरमध्ये असते तीच ही पितळी चकती, वर पांढऱ्या सिरॅमिकचा थर. वीज दिली की ती थरथरते, आणि उलट तिच्यावर ठोका बसला की वीज देते. ठोक्यातून वीज मिळण्याचा हा गुण क्युरी बंधूंनी 1880 साली दाखवला होता.

पहिल्या दोन चकत्या मी सोल्डर करताना जाळल्या. पांढऱ्या थरावर गरम टोक क्षणभर टेकवून उचलायचं असतं, मी धरून ठेवलं. जोरदार थापेने चकतीतून 5 व्होल्टपेक्षा बरीच जास्त वीज उसळते, म्हणून ठोका मोजणाऱ्या आर्डुइनो बोर्डाच्या आधी 1 मेगओहमचा रेझिस्टर आणि 5.1 व्होल्टचा झेनर डायोड लावला. प्लायवूडच्या फळीवर फोम, त्यावर चकती, वर योगा मॅटचा तुकडा. अशी चार पॅड एका फळीवर बसवली.

पहिल्याच रात्री माझं म्हणणं खरं ठरलं. मोठी थाप वाजायची, बोटांनी भरलेले हलके बोल गायब. मी भाच्याला म्हणालो, "बघ. हात कळत नाही." त्याने काही न बोलता लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर प्रत्येक ठोक्याचा आकडा 0 ते 1023 मध्ये उमटत होता. हलक्या बोलांचे आकडेही होते, तीस, चाळीस, पस्तीस. पण 120 च्या खालचं काही ऐकूच नये, अशी मर्यादा आम्हीच घालून ठेवली होती. थाप पोचत होती. तिला दारात अडवणारे आम्ही होतो.

मर्यादा 25 वर आणली, तर एक पॅड वाजवलं की शेजारचंही बोलू लागलं, कारण फळी एकच. ती करवतीने कापून प्रत्येक तुकड्याखाली वेगळा फोम दिला. मग एका थापेचे दोन आवाज यायला लागले, कारण ठोका बसल्यावर चकती काही काळ थरथरत राहते. तेवढ्या वेळात नवीन ठोका मोजायचा नाही, असं प्रोग्रॅममध्ये घालावं लागलं. तो वेळ जास्त ठेवला की जलद लग्गी तुटते. महिनाभर आम्ही फक्त हेच जुळवत होतो, आणि मला आमच्या पॅडवाल्याची आठवण येत होती. कार्यक्रमाआधी तो तासभर बटणं फिरवत बसायचा. मला वाटायचं, उगाच खेळतोय. तो त्याचं वाद्य स्वरात लावत होता, जशी मी पुडी चढवतो.

पुढचं सांगायला जड जातं. इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या मिडी भाषेत ठोक्याचं वजन 127 पर्यंत मोजतात. माझ्या उजव्या हाताचे सलग चार ठोके 92, 90, 93, 91 होते. डाव्याचे 88, 61, 79, 54. ढोलकीत डाव्या बाजूच्या घुमाऱ्याखाली ही उणीव इतकी वर्षं झाकली गेली होती. ज्याला हात कळत नाही म्हणत होतो, त्यानेच माझा हात मला दाखवला. आता रोज रात्री अर्धा तास फक्त डाव्या हाताचा.

घुमाऱ्याबद्दल मात्र मत तेच आहे. तळहात पुडीवर दाबून सरकवला की ढोलकी जी मींड देते, ती या चकतीतून येत नाही. चकती फक्त बदल ऐकते. दाबून धरलं की तिची वीज रेझिस्टरमधून लगेच ओसरते. म्हणून कार्यक्रमाला मी ढोलकीच नेतो.

पॅडवाल्याला मी फोन करून सगळं सांगितलं, पैशांच्या रागासकट. आता आम्ही एकमेकांच्या घरी बसतो.

तुम्ही ट्रिगर बनवायला घेतलात, तर ठोक्याची मर्यादा आधी अगदी खाली ठेवा आणि बोटाच्या टोकाने हळूच वाजवून बघा. तो आवाज आला की मगच जोरात वाजवा.