पोत्यांमागचा वर्ग

2020 च्या जुलैत आमच्या पवनीच्या घरात शाळेत जाणारी पोरं सहा आणि धड चालणारे मोबाईल दोन. रेंज यायची फक्त माळ्यावर. म्हणून धानाच्या पोत्यांच्या एका बाजूला काकाजी नववीला गणित शिकवत आणि दुसऱ्या बाजूला दादू आणि मी, त्यांचेच विद्यार्थी. काकाजींचा प्रत्येक शब्द दोनदा ऐकू यायचा: आधी पोत्यांवरून, मग दोन सेकंदांनी मोबाईलमधून. खाली ओसरीत धाकटे टीव्हीच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली'चे धडे लावून बसलेले.

पंचेचाळीस मिनिटं काकाजी फळ्याशीच बोलत. कॅमेरा बंद करून नाव 'रिकनेक्टिंग' ठेवलं की सरांना वाटतं नेट गेलं, ही दादूची युक्ती. पबजीवर बंदी यायची होती अजून. एक दिवस गेमचा आवाज बारीक करायचा राहिला, माइकही सुरूच. गोळीबार काकाजींना समोरून मोबाईलमधून आणि मागून पोत्यांआडून, दोन्हीकडून ऐकू आला.

आता मार बसणार, म्हणून आम्ही दबकून. काकाजी पोती ओलांडून आले, चष्मा वर केला. "हे नाव कसं बदलतोस रे? दाखव."

त्या रात्री दादू मास्तर झाला. फॉर्म कसा बनवायचा, शीटमध्ये आकडे घालून आलेख कसा काढायचा, सगळं. दादूही काही कमी खवचट नव्हता, "लक्ष कुठंय?" असं काकाजींनाच विचारायचा.

मग तास पंधरा मिनिटांवर आला. धडा सांख्यिकीचा: मध्य, मध्यक, बहुलक. रोवणी आटोपली होती. ऑगस्टमध्ये काकाजींनी सांगितलं, आपापल्या बांधीत जा, दहा चुडांचे फुटवे मोजा, फोटोसकट आकडे पाठवा. ज्यांच्याकडे बटणाचा फोन, त्यांनी मिसकॉल द्यायचा. काकाजी उलट फोन करून आकडे लिहून घेत. चिखलाचे पाय, वाकडेतिकडे फोटो, आणि कोणाच्या बांधीत फुटवे जास्त यावर ग्रुपवर भांडणं. एवढी पोरं गणिताला कधी बोलली नव्हती.

ऑगस्टच्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं, वैनगंगा गावागावांत शिरली. चार दिवसांनी नदीकाठच्या एका पोरानं आकडे पाठवले. दहाच्या दहा शून्य.

दादूनं विचारलं, "सर, शून्य धरून मध्य काढायचा की सोडून?"

काकाजींनी मीटिंग बंद केली. लाइन गेली म्हणाले. खाली पंखा फिरत होता.