चित्रांच्या वहीचा कागद

वही विकत घेण्यासारख्या क्षुल्लक गोष्टीवर लेख कसला लिहावयाचा, असें वाचकांस वाटेल. दोन वर्षांपूर्वीं आम्हांसही तसेंच वाटलें असतें. आणि तसें वाटलें म्हणूनच पुढील प्रकार घडला.

आमची धाकटी पुतणी त्या वर्षीं चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा चांगल्या श्रेणींत उत्तीर्ण झाली. बक्षीस म्हणून तिनें जलरंगांसाठीं चांगल्या कागदाची वही मागितली. एकत्र कुटुंबाचा जमाखर्च आमच्याकडे असल्यामुळें खरेदीचा मानही आमच्याकडेच आला. अमरावतीच्या बाजारांत एका दुकानदारानें आमच्यापुढें दोन वह्या ठेवल्या. एकींत पानें २०, किंमत ९०० रुपये; दुसरींत पानें १००, किंमत १५०. त्रैराशिक मांडावयास आम्हांस क्षणही लागला नाहीं. एका पानाला ४५ रुपये कोण शहाणा देईल ! शंभर पानांची वही काखेंत मारून आम्ही विजयी मुद्रेनें घरीं आलों. पुतणीनें एक पान दोन बोटांत धरून चाचपलें, किंचित् थांबली, आणि "छान आहे, काका," एवढेंच म्हणाली.

मार्गशीर्षांत तिला घेऊन आम्ही अकोल्यास आत्याबाईंकडे गेलों. जुन्या शहरांतला त्यांचा वाडा चार भावांच्या वाटणींत विकला गेला होता आणि चैत्रांत तो पाडावयाचा होता. आत्याबाईंचें वय तेव्हां चौऱ्यायशीं. सकाळच्या उन्हांत ओसरीच्या पायरीवर बसावयाचें, ही त्यांची पासष्ट वर्षांची जागा. पुतणीला तेंच चित्र काढावयाचें होतें; आणि फोटो म्हटला कीं पदर पुढें ओढणाऱ्या आत्याबाईंनीं दोन तास बसण्याचें कबूल केलें, याचेंच सर्वांस नवल वाटलें.

पेन्सिलीचें काम सुरेख उतरलें. मग अंगणांतील कडुनिंबाच्या सावलीसाठीं तिनें पाणीदार रंगाचा पहिला थर दिला, आणि पान पापडासारखें फुगलें. खळग्यांत रंगाचीं डबकीं सांचलीं, उंचवटे कोरडे राहिले. ती सांवरूं लागली तों कुंचल्याखालीं कागदाचा लगदा सुटून बारीक गोळ्या निघूं लागल्या. आणि त्याही नेमक्या आत्याबाईंच्या चेहऱ्यावर. "अग, किती पुसशील? माझें तोंड राहूं दे कीं जाग्यावर !" आत्याबाई हंसून म्हणाल्या. दुसरें पान घेतलें, तिसरें घेतलें. तिसऱ्याला तर भोंकच पडलें. पुतणीनें वही मिटली. "माझा हातच चांगला नाहीं, काका," ती म्हणाली.

परतीच्या गाडींत मूर्तिजापूर गेलें, बडनेरा आलें, तरी हें वाक्य आमच्या कानांतून जाईना.

दुसऱ्या दिवशीं तीं तिन्ही पानें घेऊन आम्ही तिच्या चित्रकलेच्या मास्तरांकडे गेलों. त्यांनीं चित्राकडे पाहण्यापूर्वीं पानाचा कोरा कोपरा जिभेला लावला आणि म्हणाले, "याला सरस नाहीं."

कागद म्हणजे मुळांत तंतूंचा एक थर. त्याला कांहीं दिलें नाहीं तर तो टिपकागदासारखा पाणी पिऊन टाकतो. सरस दिलेला कागद पाण्याला वरच्यावर थोपवून धरतो. त्यामुळें रंग खालीं मुरून मंद होत नाहीं, कुंचल्याला फिरावयास अवधि मिळतो, आणि चुकलें तर ओल्या कुंचल्यानें रंग उचलतांही येतो. इटलींतील फाब्रियानो गांवच्या कागदकारांनीं तेराव्या शतकांत यासाठीं जनावरांच्या कातड्याचा सरस वापरावयास आरंभ केला, व कांहीं उत्तम कागदांस आजही जिलेटिनच देतात. ही माहिती आम्हीं घरीं मोठ्या उत्साहानें सांगितली, तेव्हां मातोश्रींच्या कपाळावर आठी पडली. "आणि तो कागद मास्तर जिभेला लावतात?" आम्हीं म्हटलें, पखवाजाला कातडें असतेंच, आणि तो देवापुढें वाजतो. "पखवाज कोणी चाटत नाहीं," मातोश्री म्हणाल्या. या युक्तिवादाला आम्हांस आजतागायत उत्तर सुचलेलें नाहीं. सुदैवानें कृत्रिम द्रव्य वापरलेले कागदही आतां मिळतात, आणि जिभेचें काम पाण्याचा एक थेंबही करतो. कोपऱ्यावर ठेवलेला थेंब तसाच उभा राहिला तर कागद बरा. लगेच पसरून मुरला तर वही परत द्यावी.

दुसरी गोष्ट वजनाची. जलरंगाच्या कागदाचें वजन चौरस मीटरला ३०० ग्रॅम असावें, म्हणजे तो सहसा फुगत नाहीं. शाळेच्या चित्रवह्यांचा कागद बहुधा याच्या निम्मा किंवा त्याहूनही हलका असतो. वही शिवलेली असावी, म्हणजे ती सपाट उघडते आणि दोन पानांवर मिळून एक चित्र काढतां येतें. पावसाळ्यांत दमट हवेनें सरस बिघडतो, शिवाय कसरीला तो फार आवडतो. म्हणून वही लहान घ्यावी, पत्र्याच्या डब्यांत ठेवावी आणि भरून टाकावी. जपून ठेवलेल्या कोऱ्या वहीसारखी करुण वस्तु नाहीं.

परंतु आम्हांस खरी लाज वाटली ती निराळ्याच कारणानें. मास्तर म्हणाले, उत्तम कागद कापसाचा असतो. लाकडाच्या लगद्यांतील लिग्निन उजेडानें पिवळें पडतें; कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, तो शतकें टिकतो. शिवाय तो ओल धरून ठेवतो, आणि वैशाखांत अकोल्याचा पारा पंचेचाळिसावर जातो तेव्हां रंगाची कडा लगेच सुकूं नये म्हणून हा गुण मोलाचा. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतील, सांवळाराम हळदणकरांची (१८८२–१९६८) दिवा घेतलेली स्त्री पुष्कळांस तैलचित्र वाटते. तें जलरंगांतील आहे. हात हळदणकरांचा खरा, पण ते सारे थर सोसले कागदानें. अमेरिकेंतील यादवीच्या काळांत, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्यें, ज्या वऱ्हाडच्या कापसाकडे लँकेशायरचे गिरणीवाले डोळे लावून बसले, त्या वऱ्हाडांत आमचा जन्म गेला. शेजारीं वर्ध्याच्या मगनवाडींत १९३४ नंतर ग्रामोद्योग संघानें हातकागदाचे प्रयोग केले. पुण्यास १९४० सालीं हातकागद संस्था निघाली. आणि बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत रुळांच्या दोन्ही बाजूंस फुटलेला कापूस पाहत आम्ही गेलों, तेव्हां आमच्या पिशवींत लाकडाच्या लगद्याची वही होती !

शिकणाऱ्याला स्वस्त कागद पुरे, असें पुष्कळ जाणते लोक म्हणतात. पेन्सिलीपुरतें तें ठीक. जलरंगाच्या बाबतींत आम्हांस तें पटत नाहीं. निष्णात माणूस वाईट कागदाला ओळखतो आणि फेकून देतो. शिकणारें पोर मात्र त्याचा दोष स्वतःच्या हाताला लावतें.

वीस पानांची वही आम्हीं त्याच आठवड्यांत आणली. परंतु पुतणीनें रंगांच्या पेटीला हात लावावयास पावसाळा उजाडला, आणि तोंवर वाडा पडला होता.

गेल्या दिवाळींत आम्ही पुन्हां अकोल्यास गेलों. आत्याबाई आतां मुलाच्या फ्लॅटमध्यें, तिसऱ्या मजल्यावर राहतात. तेथें सकाळचें ऊन येत नाहीं. पुतणीनें त्यांस प्लास्टिकच्या खुर्चीवर बसविलें आणि वही उघडली. कागद कापसाचा आहे असें कळल्यावर त्यांनीं पानावरून हाताचा पालथा भाग फिरविला. "म्हणजे आमच्या जुन्या लुगड्यांचाच कीं !" म्हणाल्या.

चेहरा झाल्यावर खुर्चीच्या जागीं ती पायरी काढूं लागली. सावली कोठवर येत असे, ओसरीला खांब किती, हें ती विचारी आणि आत्याबाई डोळे मिटून सांगत. पान कोठें फुगलें नाहीं. तिसऱ्यांदा रंग दिल्यावर तिनें वही त्यांच्यापुढें धरली. आत्याबाईंनीं चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलें.

"पायरीचा डावीकडचा टवका उडाला होता," त्या म्हणाल्या. "तो राहिला बघ."