माती उकरणारे हात

आखाड्याचा दिवस फावड्याने सुरू होतो. रात्रभरात दबून बसलेली हौद्यातली लाल माती पहाटे कोणीतरी उकरतो, ढेकळे फोडतो, हाताला खडा लागला तर बाहेर फेकतो. त्या मातीत तेल, ताक, हळद मुरलेली असते. ती भुसभुशीत राहिली नाही तर वरून आदळणाऱ्याच्या पाठीचे काय होईल, हे उकरणाऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही. घटकाभराने त्याच मातीत त्याचीही पाठ टेकायची असते. जागेचा दर्जा कशाने टिकतो, या प्रश्नाचे इतके साधे उत्तर मला दुसरीकडे सापडलेले नाही. जो वापरतो त्याच्याच हाती राखण्याचे काम असले की जागा आपोआप सांभाळली जाते. वापरणारा एक, राखणारा दुसरा आणि पैसे मोजून घेणारा तिसरा अशी वाटणी झाली की माती हळूहळू घट्ट होत जाते. अमरावती-अकोल्यातल्या जिमबद्दल तिथले मेंबर जे सांगतात, ते ऐकताना ही घट्ट झालेली मातीच डोळ्यांपुढे येते.

सांगणारे निरनिराळे असतात, पण हकिकत एकाच वळणाने जाते. अमरावतीत राजापेठ असो की साईनगर, अकोल्यात गोरक्षण रोड असो की जठारपेठ, नाव नोंदवायला आलेल्या माणसाचे स्वागत पाहुण्यासारखे होते. वजन-उंची मोजली जाते, आहाराचा तक्ता हाती पडतो, वर्षाचे पैसे एकदम भरले तर किती महिने फुकट ते सांगितले जाते आणि ही सवलत आजच्यापुरती आहे हेही बजावले जाते. पैसे भरून पंधरा दिवस होत नाहीत तोच सूर बदलतो. तक्त्याबद्दल विचारावे तर ‘पर्सनल ट्रेनिंग लावून घ्या’ असे उत्तर मिळते. ट्रेडमिलवर ‘बंद आहे’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्या कडेची चिकटपट्टी पिवळी पडून सुटत आलेली असते, म्हणजे ती किती दिवसांपासून तिथे आहे ते न विचारताही कळते. चिठ्ठीवर तारीख मात्र नसते. बाकाचे रेक्झिन फाटून आतला स्पंज बाहेर आलेला, पुलीच्या केबलवरचे आवरण सोलून तारेचे दोन धागे सुटलेले, डंबेलच्या जोडीतले एक दहा किलोचे आणि दुसरे कुठल्या कोपऱ्यात ते कोणालाच ठाऊक नाही. विचारले तर वऱ्हाडी गोडव्याने उत्तर येते, ‘होऊन जाईन न भाऊ.’ त्या ‘होऊन जाईन’मध्ये करणारा कोण, हे कधीच सांगितलेले नसते.

याला माणसांचा उद्धटपणा म्हणून आपण मोकळे होतो. माझ्या मते स्वभावाला दोष देण्याआधी हिशेब तपासावा, कारण मूळ पैसे घेण्याच्या पद्धतीत आहे. वर्षाची फी पहिल्याच दिवशी हाती आली की त्या मेंबरच्या पुढच्या प्रत्येक हजेरीतून चालकाला नवे उत्पन्न मिळत नाही. उलट वीज जाते, यंत्र झिजते, गर्दी वाढते. जो येत नाही तो सर्वांत फायद्याचा मेंबर ठरतो. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडिअर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन जिमच्या ७,७०० हून अधिक सभासदांच्या तीन वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतले महिन्याला ७० डॉलरहून अधिक फी भरणारे लोक सरासरी महिन्यातून जेमतेम चार वेळा जात होते. म्हणजे एका खेपेला त्यांना १७ डॉलरच्या वर खर्च येत होता. दहा खेपांचा पास घेतला असता तर तीच खेप १० डॉलरमध्ये पडली असती. माणूस आपल्या उद्याच्या उत्साहावर फाजील भरवसा ठेवतो आणि त्याची किंमत आज मोजतो. अमेरिका वऱ्हाडापासून कितीही दूर असली तरी एक जानेवारीचा संकल्प सगळीकडे सारखाच असतो. त्या संकल्पावर उभा राहिलेला धंदा येणाऱ्या माणसाकडे लक्ष देईल कशासाठी? त्याचे सगळे लक्ष पुढच्या नावनोंदणीकडे लागलेले असणार.

हे सगळीकडे असेच चालते, असे म्हणून सोडून देणे अमरावतीला तरी शोभत नाही. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ याच शहरात १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी उभे केले. या मंडळाचा संघ १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे गेला आणि कबड्डीसह देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके त्याने जगापुढे मांडली. पुढे मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून शिकलेले क्रीडाशिक्षक शाळाशाळांत पोहोचले. हा इतिहास मी अभिमान मिरवायला सांगत नाही. त्यातला एक शब्द मला हवा आहे. तो शब्द म्हणजे सभासद. सभेत ज्याला जागा आहे तो सभासद. सार्वजनिक संस्थेच्या सभासदाला वार्षिक सभेत उभे राहून जमाखर्च विचारता येतो, न पटले तर हात वर करून विरोध नोंदवता येतो. जिमने ‘मेंबर’ हा शब्द उचलला तेव्हा त्यातली आपुलकी घेतली आणि सभा तेवढी वगळली. आज मेंबरला कार्ड आहे, दाराशी बोटाचा ठसा आहे, वाढदिवसाला मोबाइलवर शुभेच्छा आहेत. पण मोडलेली केबल कधी बदलणार, हे विचारण्याची हक्काची जागा नाही. आखाड्यातला पोरगा पैशाने गरीब असेल, पण माती घट्ट झाली तर फावडे त्याच्या हाताशी होते. मेंबरच्या हाताशी काय आहे?

यावर पहिला आक्षेप येतो तो जुन्या काळाच्या कौतुकाचा, आणि तो रास्त आहे. बहुतेक आखाड्यांची दारे बायकांना बंद होती. जातीची भिंत अनेक ठिकाणी होती, वस्तादाचा शब्द शेवटचा होता, आणि गुडघा निखळला तर हळद-तुरटीच्या लेपावर भागवले जाई. जिमने पैसे भरेल त्याला दार उघडले, त्यात मुली आल्या, साठी उलटलेले मधुमेही आले, बाळंतपणानंतर ताकद भरून काढायला आलेल्या बायका आल्या. हा बदल मोठा आहे आणि तो परत फिरू नये. पण त्याच बदलामुळे माझा मुद्दा अधिक गंभीर होतो. वीस वर्षांचा तालीमबाज चुकीचे वजन उचलूनही दोन दिवसांत सावरतो. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या काकांना किंवा पाठीचे दुखणे असलेल्या ताईंना चुकीचा सल्ला महागात पडतो. नवे लोक आत घेतले तर त्यांच्यासाठी जाणते माणूसही ठेवायला हवे. महिलांची राखीव वेळ पाहा. कित्येक ठिकाणी ती भर दुपारची असते, कारण सकाळ-संध्याकाळचे सोयीचे तास आधीच वाटले गेलेले असतात. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर असताना दुपारी दोनला कूलरमध्ये पाणी नसेल तर त्या राखीव वेळेला सोय म्हणायला माझी जीभ रेटत नाही. फी मात्र सगळ्यांना सारखी असते.

दुसरा आक्षेप चालकाच्या बाजूचा आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करणे अन्याय होईल. जागेचे भाडे, व्यापारी दराची वीज, कर्जावर आणलेली यंत्रे, आणि चार गल्ल्या सोडून उघडलेले नवे जिम पाचशे रुपयांनी स्वस्त. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला हे खरे. पण या ५ टक्क्यांच्या दरात यंत्रांच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, हेही तितकेच खरे. वऱ्हाडात माणसाची कमाई कापूस-सोयाबीनच्या भावाबरोबर वरखाली होते, फी वाढवली तर गिऱ्हाईक जाते. चालकाची ही ओढाताण मी मान्य करतो. मात्र यंत्रांवर तेलाचा हात फिरवायला, डंबेलची जोडी जुळवून ठेवायला, न्हाणीघर दिवसातून दोनदा धुवायला फारसे भांडवल लागत नाही. कोणाची तरी नेमणूक लागते. आणि जाणत्या शिक्षकांचे म्हणाल तर ज्या शहरात शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आहे तिथे त्यांची वाण असल्याचे कारण पटत नाही. पदवीधराला तुटपुंजा पगार देऊन बाकीची भरपाई प्रोटीनच्या डब्यांच्या कमिशनवर करायला लावली, तर त्याचा सल्ला कुठे झुकेल हे उघड आहे. शिकवणाऱ्याला विकणारा करून टाकणे, हे मला मोडक्या यंत्रापेक्षा मोठे नुकसान वाटते, कारण मोडके यंत्र डोळ्यांना दिसते आणि विकाऊ सल्ला दिसत नाही.

तिसरे म्हणणे बाजाराच्या तर्काचे: पटत नसेल तर दुसरीकडे जा. महिन्याच्या महिन्याला पैसे देणारा जाऊ शकतो, वर्षाचे भरलेला जाणार कुठे? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हे प्रकर्षाने दिसले. राज्यातली जिम थेट २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी उघडली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अचलपूर, अकोल्यात पुन्हा टाळेबंदी आली. त्या आपत्तीत चालकही होरपळले, त्यांना दोष देता येत नाही. पण वाया गेलेले महिने वाढवून द्यायचे की नाही, हे सर्वस्वी एकाच बाजूच्या मर्जीवर राहिले, कारण पैसे त्या बाजूला होते आणि लेखी काहीच नव्हते. कायदा आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेला नवा ग्राहक संरक्षण कायदा सेवेतल्या त्रुटीविरुद्ध दाद देतो आणि ग्राहकाला जाचक ठरणाऱ्या एकतर्फी अटींना ‘अनुचित करार’ म्हणतो. जिल्हा आयोगापुढे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे. हे प्रत्येक मेंबरला माहीत असावे, पावती जपून ठेवावी, फीच्या अटी लेखी मागाव्यात. तरीही सहा-सात हजारांसाठी तारखा करायला फारसे कोणी जात नाही, आणि चालकही हे ओळखून असतो. शिवाय आयोग फार तर पैसे परत मिळवून देईल. उद्या सकाळी बाक पुसलेला असेल याची हमी त्याला देता येत नाही.

उरतो तो आक्षेप आपल्यावरचाच. मेंबर तरी कुठे नीट वागतात? घामाचा बाक तसाच सोडून उठतात, वीस किलोच्या प्लेटा जमिनीवर आपटतात, आरशापुढे फोनवर बोलत यंत्र अडवून बसतात. हे शंभर टक्के खरे आहे आणि ते झाकून तक्रार करणे लबाडीचे ठरेल. शेंडगावात जन्मून वलगावजवळ देह ठेवणाऱ्या गाडगेबाबांचा हा अमरावती जिल्हा. ते गावात शिरले की कीर्तनाआधी खराटा चालवत, आणि तो पाहून गावकऱ्यांचे हात आपोआप पुढे येत. खराटा हातात घेतलेल्या माणसाला गावाला चार शब्द सुनावण्याचा अधिकार येतो, हे आपल्या लोकांना त्यांनीच शिकवले. मेंबरने स्वतःचा बाक पुसणे ही त्याच्या तक्रारीची पहिली ओळ आहे. पण माणसे जागेशी परक्यासारखी का वागतात, हेही विचारायला हवे. जिथे आपले कोणी ऐकत नाही ती जागा आपली वाटत नाही, आणि जी आपली वाटत नाही तिथली प्लेट जागेवर ठेवायला हात वाकत नाही. उपेक्षा आणि बेफिकिरी एकमेकींना पोसतात. हे चक्र कोणीतरी आधी थांबवायचे तर मी ते चालकाकडे मागेन, कारण पैसे त्याने आधी घेतलेले आहेत.

मागणी फार मोठी नाही. वर्षाच्या फीला सवलत जरूर द्यावी, पण महिन्याची फीही परवडेल अशी ठेवावी, म्हणजे चालकाला दर महिन्याला मेंबरचे मन राखावे लागेल. आजारपणात, परीक्षेत, घरच्या लग्नकार्यात मुदत थांबवण्याची अट कागदावर असावी. शिक्षकाचे शिक्षण काय ते भिंतीवर लिहावे. दर तीन महिन्यांनी एका रविवारी अर्धा तास चालक, शिक्षक आणि मेंबर एकत्र बसावेत, त्यात दुपारच्या वेळेच्या बायकाही असाव्यात, आणि ‘मेंबर’मधून वगळलेली सभा परत यावी. हे जमेपर्यंत निदान एक गोष्ट उद्या सकाळी करता येईल. ट्रेडमिलवरच्या त्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर ‘बंद आहे’च्या खाली दोन ओळी वाढवाव्यात: कधीपासून बंद, आणि कोण कधीपर्यंत दुरुस्त करणार. तारीख आणि नाव लिहिले की ‘होऊन जाईन’ला करणारा मिळतो. पहाटे हौद्यात उतरणाऱ्याच्या हातातले फावडे यापेक्षा वेगळे काही नव्हते.