रेल भवनाच्या अलीकडे

सध्या समूहावर प्रवासाच्या आठवणी चालल्या आहेत, म्हणून माझीही एक. मी लेखक वगैरे नाही, बद्रुका कॉलेजचा बी.कॉम. जन्मभर बँकेत व्हाउचरं तपासली, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

२००७ साल. निवृत्ती जवळ आलेली आणि एलटीसी वाया चाललेली. हरिद्वारला जायचं आणि जाताना दोन-तीन दिवस दिल्ली, असं ठरलं. २३ जुलैला पहाटे काचीगुड्याहून ऑटोने नामपल्ली गाठली आणि ए.पी. एक्सप्रेस पकडली (आता तिला तेलंगणा एक्सप्रेस म्हणतात). दोनच दिवसांपूर्वी निकाल लागला होता, प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती! देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती, आणि आमच्या सौ.चं माहेर जळगावचं. कॉलेजही तेच, मू. जे. नागपूर येईपर्यंत तिने अख्ख्या डब्याला सांगून टाकलं की त्या "आमच्या कॉलेजच्या", टेबल टेनिस काय खेळायच्या, बासष्टला आमदार कशा झाल्या. मी म्हटलं, अगं, त्या तुझ्याहून अठरा-वीस वर्षांनी मोठ्या, तू कुठे पाहिलंस खेळताना? "म्हणून काय झालं?" संपला विषय.

शपथविधी २५ जुलैला. ही तारीख १९७७ पासूनची, आपल्या आंध्रच्या नीलम संजीव रेड्डींपासून. माझा त्या दिवशी लाल किल्ल्याचा बेत होता, पण सौ. ऐकेना. पोलिसांनी रेल भवनाच्या अलीकडेच अडवलं. पास नाही, ओळख नाही. दिल्लीचा तो चिकट उकाडा, सदरा पाठीला चिकटलेला. मी म्हणालो, "चल, लॉजवर टीव्हीत बघू, सेंट्रल हॉल आतून दिसेल." तर म्हणे, "टीव्हीच बघायचा तर घरचा काय वाईट होता?"

उभे राहिलो. बराच वेळ. दूरवर घोडेस्वार गेले, त्यांच्या भाल्यांवरची लाल-पांढरी निशाणं तेवढी दिसली. कलाम साहेब आणि प्रतिभाताई ज्या गाडीत होते ती काही दिसली नाही.

मग सौ. एकदम म्हणाली, "मी शाळा सोडली नसती, तर आतापर्यंत हेडमिस्ट्रेस झाले असते, नाही?"

१९८४ मध्ये मला बढती मिळाली, बदली आदिलाबादला. तिची तेरा वर्षांची नाही, पण आठ वर्षांची पक्की नोकरी होती, मुलं तिच्यावर जीव टाकायची. मी घरी येऊन "बदली झाली" एवढंच सांगितलं, विचारलं नव्हतं. आठवड्यात तिने राजीनामा लिहिला, आणि इंग्रजी नीट आहे का म्हणून मलाच तपासायला दिला. मी एक स्पेलिंग दुरुस्त केलं. त्यानंतर तेवीस वर्षं हा विषय घरात निघाला नाही. मी आपला ते खातं बंद झालं असंच धरून होतो.

उत्तर सुचेना. "हो, झाली असतीस," एवढंच म्हणालो आणि गाडीवाल्याकडून दोन ग्लास थंड पाणी आणलं.

तेवढ्यात तोफा सुरू झाल्या. ती बोटांवर मोजायला लागली आणि चौदाला चुकली. मी कॅशिअरपासून चढलेला माणूस, माझी मोजणी चुकत नाही. "एकवीस," मी सांगितलं. "बरोबर आहेत ना?" "बरोबर आहेत."

परत आल्यावर भजनी मंडळात तिने शपथविधीचं असं वर्णन केलं, की बायकांना वाटलं ही सेंट्रल हॉलात पहिल्या रांगेत बसून आली. साडीचा काठसुद्धा सांगितला! एकीने मला जिन्यात गाठून विचारलं, "हौ का भाऊ, आत सोडलं तुम्हाला?" मी म्हटलं, "हौ, जळगावच्या माणसांना सोडत होते."

२०२२ च्या २५ जुलैला द्रौपदी मुर्मूंचा शपथविधी मी घरीच टीव्हीवर पाहिला. सौ.ला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. तोफा सुरू झाल्या तसा आवाज मोठा केला आणि मोजायला लागलो. मधेच सूनबाई चहा घेऊन आली, "बाबा, साखर कमी घातलीय," म्हणाली, आणि माझी मोजणी चौदा की पंधरा, तिथेच चुकली.