वजन ठाऊक असणारा

दिवाळी सरली की देवणी-उदगीरच्या रस्त्यांवर एक वेगळी रहदारी सुरू होते. एका ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन ट्रॉल्या, त्यांत ज्वारीच्या गोण्या, पत्र्याच्या पेट्या, पाण्याचे पिंप, कोपी उभारण्यासाठी बांबू आणि ताडपत्री, एखादी शेळी, आणि या सर्वांच्या माथ्यावर बसलेली माणसे. ऊसतोडीची टोळी निघालेली असते. देवणी तालुक्यातच, तळेगावला, साखर कारखाना आहे. पण मराठवाड्यातील लाखो हातांना काम पुरवते ते मुख्यतः सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि पलीकडचे कर्नाटक. देवणीहून कोल्हापूर चारशे किलोमीटरच्या आसपास पडते. भरल्या ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टरने ते अंतर तोडायचे म्हणजे एका दिवसाचे काम नव्हे.

याच रस्त्याने दुसरेही एक स्थलांतर होत असते, त्याचा गाजावाजा होत नाही. मुलांच्या शिक्षणासाठी पेठेतील एखादे कुटुंब लातूरला बिऱ्हाड हलवते, कोणी पुण्याला दुकान थाटते. तेव्हाही दारात ट्रॉली उभी राहते. फळ्या, तिजोरी, काटा, मापे, लोखंडी कपाट, चाळीस वर्षांच्या वह्या, आणि सर्वांत शेवटी, मऊ वस्त्रात गुंडाळून, घरातील देव्हारा. देव्हाऱ्याला धक्का लागू नये म्हणून घरातील स्त्रिया जितक्या दक्ष असतात, तितकी दक्षता उरलेल्या भाराविषयी क्वचितच घेतली जाते. तो ‘बसतो’ की नाही एवढेच पाहिले जाते.

बसणे आणि पेलणे यांतील भेद देवणीला पूर्वीपासून ठाऊक आहे, कारण या गावाचे नाव देशभर पोहोचले ते बैलामुळे. देवणी ही गोवंशाची जात वानेरा, बाळंक्या आणि शेवरा अशा तीन प्रकारांत ओळखली जाते: एकाच्या तोंडावर काळेपणा, दुसरा जवळजवळ पांढराशुभ्र, तिसऱ्याच्या अंगावर काळे विस्कळीत ठिपके. ओढकामासाठी नावाजलेल्या या बैलांच्या जोडीवर धान्याची गाडी जुंपली जाई तेव्हा गाडीवान पोती मोजण्याआधी धुरा हाताने उचलून पाही. भार पुढे जास्त झाला तर गाडी ‘दाब’ झाली म्हणत. जोखडाचे ओझे बैलांच्या मानेवर बसे. मागे जास्त झाला तर गाडी ‘उलाळ’. मग जू वर उचलले जाई आणि जुपणी गळ्याला आवळे. दोन्ही दोषांवर उपाय एकच, पोती उतरवून पुन्हा लावणे. हे कष्टाचे काम होते, तरी ते केले जाई, कारण चूक झाली तर बैल चालतच नसे. ओझे किती आहे हे सांगणारा एक जिवंत काटा गाडीला जुंपलेला होता.

ट्रॅक्टर आला आणि तो काटा गेला. दाब आणि उलाळ मात्र गेले नाहीत. दोन चाकांच्या ट्रॉलीत मागचा भार वाढला की जोडदांडी वर उचलू पाहते, ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांची जमिनीवरील पकड सुटते आणि ट्रॉली शेपटीसारखी हलू लागते. पुढचा भार प्रमाणाबाहेर गेला तर चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात. चालक सुकाणू फिरवतो आणि ट्रॅक्टर सरळच जातो. म्हणून तिजोरी आणि धान्य तळाशी, कण्याच्या जवळ, मध्यापासून किंचित पुढे. गाद्या, टोपल्या, हलकी भांडी वर आणि मागे. हे सांगायला एक वाक्य पुरते. प्रत्यक्षात हमाल जे हाताशी येईल ते आधी चढवतात आणि तिजोरी, ती शेवटी घरातून निघते म्हणून, मागच्या फळीला टेकवून ठेवली जाते.

उतार हा याहून कठीण परीक्षक. बालाघाटाच्या माळावरून रस्ता खाली वळतो तेथे इतका वेळ ओढली जाणारी ट्रॉली ढकलू लागते. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, किंवा असले तरी जोडलेले नसतात. सगळा भार एकट्या ट्रॅक्टरने थोपवायचा असतो. डिझेल वाचवण्यासाठी गाडी गियरमधून काढून सोडून देणे ही अशा ठिकाणची प्राणघातक काटकसर आहे. उतार सुरू होण्याआधीच खालचा गियर टाकायचा आणि इंजिनालाच भार धरायला लावायचे, हे जुने चालक जाणतात. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांसाठी ब्रेकचे दोन वेगळे पाय असतात. शेतात ते जागच्या जागी वळण्यासाठी उपयोगी, पण रस्त्यावर येताना ते एकमेकांना अडकवले नाहीत तर घाईत एकच दाबला जातो, ट्रॅक्टर एका अंगाला खेचला जातो आणि मागची ट्रॉली आडवी येऊन त्याला दुमडते. वेग दुप्पट केला तर ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर सुमारे चौपट होते. एक पिन, एक साखळी, हवा कमी असलेला एक टायर, तापलेले एक बेअरिंग: लांबच्या प्रवासात गाडी थांबवून यांना हात लावून पाहणे एवढाच विमा असतो.

हे सारे चालकाचे शास्त्र झाले. पण ट्रॉली भरली जात असताना निर्णय चालकाच्या हाती असतो का? पेठेतील संवाद बहुधा ठरलेला असतो. “अजून किती बसतील?” असे दुकानाच्या पायरीवरून विचारले जाते. “बसतेत की मालक, अजून धा कट्टे,” असे उत्तर येते. त्या उत्तराचा अर्थ दहा कट्टे सुरक्षित आहेत असा नसतो. ‘नाही’ म्हटले तर पुढच्या वेळी भाडे दुसऱ्याला जाईल, एवढाच त्याचा अर्थ असतो.

येथे एक विलक्षण गोष्ट नजरेआड होते. त्या अंगणातील सर्व माणसांत ट्रॉलीचे वजन नेमके ठाऊक असणारा एकच मनुष्य आहे, आणि तो पायरीवर उभा आहे. चालक टायरच्या फुगवट्यावरून अंदाज करतो, हमाल पाठीवरून. व्यापारी मात्र पन्नास किलोचा एक कट्टा, तर शंभर कट्टे म्हणजे पाच टन, हे कागद न घेता सांगतो. तुरीच्या एका पोत्यात पाव किलोची तूट आली तर त्याला रात्री झोप लागत नाही. ज्याचे सारे आयुष्य काट्यासमोर गेले, त्याने ट्रॉलीपुरते वजन ठाऊक नसल्याचा आव आणावा, हे त्या व्यवसायाला शोभणारे नाही.

जैन आचारशास्त्राने या नेमक्या जागी बोट ठेवले आहे. अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत बांधणे, मारणे, अवयव छेदणे आणि अन्नपाणी रोखणे यांच्या पंक्तीत ‘अतिभारारोपण’ बसवलेले आहे. ज्या समाजात वाहतूक आणि व्यापार ही उपजीविका, त्याच्या श्रावकाला उद्देशून हे लिहिले गेले, हे उघड आहे. मुनीला बैलगाडी भरायची नसते. यंत्र अजीव आहे, त्याला वेदना नाही, तेव्हा हा अतिचार ट्रॅक्टरला लागू नाही, असा युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो. तो शब्दाला धरून आहे आणि रस्त्याला सोडून. ट्रॉलीला वेदना नसेल. तिच्या पुढे बसलेल्या चालकाला, माथ्यावर बसलेल्या लेकुरवाळीला, रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ती आहे. पूर्वी अतिभार ज्याच्यावर लादला त्याच्यावरच राही. आता तो सरकून कोणावर पडेल याचा नेम नाही, आणि म्हणून त्याचा हिशेब अधिक कठोरपणे मांडावा लागतो.

कर्म कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही मार्गांनी बांधले जाते, ही शिकवण पाठशाळेतील मुलांनाही पाठ असते. मोटार वाहन कायद्याचे कलम 194 वाचले तर त्याच शिकवणीचा व्यवहारातील पडसाद ऐकू येतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर मर्यादेबाहेर भार वाहणाऱ्या वाहनाला 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी 2,000 रुपये आहेत. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे हलू द्यायची नाही, आणि उतरवण्याचा खर्चही वसूल करायचा. मात्र यांतील महत्त्वाची गोष्ट रक्कम नव्हे. हे कलम वाहन चालवणाऱ्यापाशी थांबत नाही; तसे चालवायला लावणारा आणि चालवू देणारा, दोघांनाही ते आपल्या कक्षेत घेते. दंडाची पावती बहुतेक वेळा चालकाच्या नावाने फाटते, हा भाग वेगळा.

बैलांसाठी नियम केव्हाचे आहेत. ओढकाम व ओझ्याच्या जनावरांविषयीच्या 1965 च्या नियमांप्रमाणे जनावराला दिवसात नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीविना सलग पाच तासांहून अधिक जुंपता येत नाही. तापमान 37 अंशांच्या वर जाते तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात मुळीच नाही. हे नियम किती पाळले जातात, हे उसाच्या हंगामात दोन-तीन टनांच्या टायरगाड्या ओढणाऱ्या जोड्या पाहिल्या की कळते. तरी नियम आहेत, आणि कोणी तक्रार केली तर त्यांचा आधार घेता येतो. टोळीच्या ट्रॅक्टरवरील चालकाला मात्र रात्रभर जागायला लावणाऱ्याशी कोणी नऊ तासांची भाषा बोलत नाही. कारखान्याचे गाळप सुरू होण्याआधी पोहोचायचे असते, मुकादमाने घेतलेली उचल अंगावर असते, आणि दोन खेपांचे बिऱ्हाड एकाच खेपेत घातलेले असते, कारण दुसऱ्या खेपेचे डिझेल कोणाच्या नावे टाकायचे हे ठरलेले नसते.

पेठेतील दुकानदार या साखळीबाहेर नाही. उचल हातात पडली की टोळीची कुटुंबे आधी किराण्याच्या दुकानी येतात. तेल, डाळ, मीठ, मिरची, काड्यापेट्या, काही रोख, काही उधार. त्या ट्रॉलीतील निम्म्या गोण्यांवर त्याच्याच हाताची गाठ असते. त्याला कारखाना बदलता येणार नाही, मुकादमही नाही. पण बिऱ्हाड हलणार त्या आदल्या संध्याकाळी त्याच्या आवाक्यातील गोष्टी पुष्कळ आहेत. गोण्यांचे एकूण वजन एका चिठ्ठीवर लिहून ते चालकाच्या हाती देणे. जड माल आधी चढवून घेणे. माणसे गोण्यांच्या वर न बसता बसने किंवा वेगळ्या गाडीने जावीत असा आग्रह धरणे, आणि उधारीच्या वहीत त्या भाड्यालाही जागा देणे. ट्रॉलीच्या मागच्या फळीला चमकणारी लाल पट्टी लावली आहे की नाही हे स्वतः पाहणे. ही पट्टी नसलेली, दिवा नसलेली ट्रॉली अंधारात रस्त्याच्या रंगाचीच होऊन जाते. सूर्यास्तानंतर आहार न घेणाऱ्या घराला अंधारात काय दिसत नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. त्याच घरासमोरून सूर्यास्तानंतर निघणारी ट्रॉली सकाळपर्यंत थांबवून धरणे त्याला अवघड नाही. टोळीला अंगण आणि चालकाला ओटा दिला की झाले.