सुंठीवाचून

'सुंठीवाचून खोकला गेला' ही म्हण आपण सहज वापरतो. आमच्या घरी मात्र सुंठीवाचून काहीच जात नसे. घाटाखालच्या आमच्या गावात आजीचा सुंठीचा डबा म्हणजे घरचा दवाखानाच. सर्दी असो, अजीर्ण असो की बाळंतिणीचे लाडू असोत, डबा उघडायचाच. आयुर्वेदात सुंठीला 'विश्वभेषज' म्हणतात, हे मला पुढे कळले. आजीला ते न वाचताच ठाऊक होते.

दोन वर्षांपूर्वी मामांना शौचावाटे रक्त पडू लागले. मूळव्याध असेल, असे सर्वांनी परस्पर ठरवले. आजी म्हणाली, "पोट साफ नाई तुह्यं. अद्रकीचा रस घे मधातून." आणि मी? मी कॉलेजात शिकणारा शहाणा! अद्रकीने आतड्याचा कर्करोगसुद्धा बरा होतो, असे कुठेसे वाचले होते. ते मोठ्या ऐटीत ऐकवून मी म्हणालो, "मामा, जी कर्करोगाला हटवते, ती मूळव्याधीला सोडेल काय?"

मामांना ते पटले. त्यात सोयाबीनची सोंगणी होती, मग कापसाची वेचणी आली. सहा महिने अद्रकीवर गेले. चेहरा उतरला, अंगावरचे कपडे सैल झाले, तेव्हा कुठे आम्ही अकोला गाठले. दुर्बिणीने तपासणी झाली. गुदाशयाचा कर्करोग! "आधी आला असता, तर बरे झाले असते," एवढेच डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रियेनंतर मामांच्या पोटावर कायमची पिशवी आली.

त्यानंतर मी नीट वाचू लागलो. हा रोग बहुधा आतड्याच्या अस्तरावरील लहानशा मोडातून वाढतो आणि त्याला अनेक वर्षे लागतात. मोड वेळीच सापडला, तर दुर्बिणीतूनच काढता येतो. मी ऐटीत सांगितलेली गोष्ट अगदीच निराधार नव्हती. अद्रकीतील जिंजेरॉल प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखते, असे दिसले आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी 30 निरोगी माणसांवर प्रयोग करून 2011 साली निष्कर्ष मांडले. अद्रकीचा अर्क रोज 2 ग्रॅम, 28 दिवस घेतल्यावर आतड्यातील दाहाच्या काही खुणा कमी झाल्या. पण दाहाच्या खुणा कमी होणे निराळे आणि रोग टळणे किंवा बरा होणे निराळे. माणसाच्या आतड्याचा कर्करोग अद्रकीने बरा झाल्याचा पुरावा नाही. काचेच्या बशीतल्या पेशी आणि माझे मामा यांतले अंतर मी एका वाक्यात ओलांडले होते!

पुढे केमोथेरपी सुरू झाली. मामांना अन्नाचा वासही सोसवेना. तेव्हा डॉक्टरांना विचारून, त्यांच्या औषधांच्या जोडीला थोडी अद्रक सुरू केली आणि मामांच्या पोटात पेज टिकू लागली. 576 रुग्णांवरील एका अभ्यासातही नेहमीच्या औषधांबरोबर अर्धा ते एक ग्रॅम अद्रक दिल्यावर पहिल्या दिवसाची मळमळ कमी झालेली आढळली. म्हणजे आजीच्या डब्याला जागा आहे. फक्त ती तपासणीच्या आधीची नाही.

मामा आता शेतात जातात. तपासण्या चालू आहेत. परवा आजीने हळूच विचारले, "माह्या अद्रकीनं घात केला का रे?"

"नाही आजी, अद्रकीनं नाही," मी म्हणालो. पुढचे वाक्य मात्र घशातच अडकले. ते येथे लिहितो: घात माझ्या अर्धवट वाचनाने केला.

मित्रहो, घरात कोणाला रक्त पडत असेल, तर आधी तपासणी करून घ्या. सुंठीचा डबा कोठे पळून जात नाही.